हलते पाणी

घरात समुद्र पाळणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल जितके कळते तितके समुद्राकाठी जन्मलेल्या आपल्यासारख्यांना कळत नाही, असे माझे मत झाले आहे. पर्वरीला माझा एक मित्र राहतो. त्याच्या दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. आत दोन नारिंगी क्लाऊनफिश, बनवलेले खडक आणि बटणांसारखी दिसणारी मऊ 'फुले'. फुले कसली, प्राणीच ते, झोअँथिड नावाचे. कडक पोवळी त्याने ठेवलेली नाहीत. २००१ पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला! ती पाहायची असतील तर ग्रँड आयलंडला बुडी मारावी.

टाकी पाहायला येणारे सगळे दिव्यांचे कौतुक करतात. तो बोलतो प्रवाहाबद्दल. जो जीव जागचा हलत नाही त्याच्याकडे अन्न आणि प्राणवायू चालत यावे लागतात, आणि त्याची घाण चालत जावी लागते. ही ने-आण पाणी करते. म्हणून टाकीतले पाणी तासाला वीस-तीस वेळा तरी फिरले पाहिजे. पण एकच जोराची धार सोडून भागत नाही. धारेसमोरचा जीव सोलून निघतो आणि खडकामागचे पाणी मेलेलेच राहते. त्या कोपऱ्यात उरलेले खाणे आणि विष्ठा साचते, कुजते, आणि महिन्याभरात सगळ्या टाकीची रया जाते. त्यावर उपाय म्हणून समोरासमोर दोन पंप लावायचे आणि ते आळीपाळीने चालवायचे. धारा एकमेकींवर आदळतात, पाणी घुसळले जाते, आणि ते कोपऱ्यातही पोचते. म्हणजे भरती-ओहोटीची नक्कलच म्हणा ना. आपल्या खाजनांत मानशीची दारे भरतीला आपोआप मिटतात नि ओहोटीला उघडतात, तिथे वीज लागत नाही. इथे लागते. वीज गेली की पंप थांबतात आणि पाण्यातला प्राणवायू उतरू लागतो. पावसाळ्यातल्या एका रात्री दोन वाजता या गृहस्थाला मी मगाने टाकीतलेच पाणी काढून पुन्हा वरून ओतताना पाहिले आहे.

याच मित्राबरोबर मागच्या जानेवारीत बिदरला गेलो. निमित्त बिद्रीच्या भांड्यांचे. बिदरशी आपले नाते जुने. १४७२ साली गोवा बहमनी राज्याला जोडला तो बिदरच्या महमूद गवानाने, आणि तिथल्या त्याच्या मदरशाचे सालही १४७२च सांगतात. मदरसा पाहिला, किल्ला पाहिला. मग शहराबाहेर नौबादला करेझ आहे असे कळले, तेव्हा मित्राने भांडी वगैरे सोडून रिक्षा तिकडे वळवली.

बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच. मांजरा नदी वाहते ती दूर, खाली. पण त्या पठाराच्या अंगावर आहे आपलाच चिरा! तोच तांबडा, भोकाभोकांचा जांभा. पावसाचे पाणी त्यातून मुरत खाली जाते, खालच्या काळ्या पाषाणाशी अडते आणि तिथून बाजूला सरकते. डोंगराच्या पोटातून आपल्याकडे झर फुटते तो प्रकार. गुरुद्वारा नानक झिरा साहिबचा झरा शीख भाविकांच्या श्रद्धेने गुरू नानकांचा आहे. जमिनीची रचना पाहिली तर तो या चिऱ्याचाही आहे.

बहमनी काळात इराणकडून आलेल्या लोकांनी पंधराव्या शतकात या पाण्याला वाट करून दिली. पाणी लागेपर्यंत एक विहीर खणायची आणि तिथून जमिनीखालून बोगदा काढत न्यायचा, अगदी बेताच्या उताराने. उतार जास्त झाला तर पाणी धावते आणि बोगद्याचा तळ खरवडते. कमी झाला तर गाळ बसतो. हा बेत हातकुदळीने, जमिनीच्या पोटात, अंधारात साधायचा! मधे मधे उभी विवरे. खणताना माती वर काढायला, कामकऱ्यांना हवा मिळायला आणि पुढे गाळ उपसायला तीच उपयोगी. नौबादच्या करेझची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास सांगतात, विवरे एकवीस. तिथे लोक तिला 'सुरंग बावी' म्हणतात.

मित्र एका विवराच्या काठावर पोटावर पालथा पडला आणि विजेरी आत मारून बराच वेळ बघत राहिला. "पाणी हलतंय," एवढेच म्हणाला. मी वाकून पाहिले. वर एक पान तरंगत होते. ते सरकतेय हे कळायलाही मिनिटभर लागले. पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीचा पंप, आणि त्याची वीज कधी जात नाही.

मात्र तो बंद पडू शकतो, आणि पडलाही होता. विवरांत कचरा पडला, काही बुजली, वर घरे आणि रस्ते आले. केरळचे भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या वाटा नकाशावर आणल्या. पुढे अनुराग तिवारी जिल्हाधिकारी असताना, २०१५-१६ च्या दुष्काळी दिवसांत, गाळ उपसायचे काम झाले. २०२० च्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच यादीत दख्खनच्या पठारावरच्या जुन्या जलव्यवस्थाही आल्या. पण बोगद्याला पाणी मिळते ते वरच्या उघड्या चिऱ्यातून. तो चिरा सिमेंटखाली गेला, भोवती बोअर वाढल्या, तर खालचा बोगदा कितीही स्वच्छ ठेवा, त्यात यायचे काय? पर्वरीच्या पठारावर राहून हे मला कुणी वेगळे सांगायला नको. तिथला चिरा आम्हीच झाकला आहे, आणि खालच्या विहिरी एप्रिलात काय दाखवतात ते तिथल्या बायकांना विचारा.

जवळच शेत असलेले एक म्हातारे आमचा उद्योग पाहत उभे होते. मित्राने त्यांना विचारले, "काका, उन्हाळ्यात किती असतं पाणी इथं?"

"असतंय की," म्हणाले. "कमी हुतंय, पण थांबत न्हाई. तुमी काय बोअर मारणार हाव का हितं?"

आम्ही नाही म्हटल्यावर ते मोकळेपणाने हसले आणि पुढचे विवर दाखवायला स्वतःच चालू लागले.