बर्फातली यादी

नैसर्गिक आपत्तीपुढे सारे समान असतात, असे आपण सहज बोलून जातो. प्रशिक्षणवर्गांतील भाषणांत मीही ते अनेकदा म्हटले आहे. फेब्रुवारी २००५ नंतर मात्र म्हणणे सोडून दिले.

श्रीनगरमधील काम आटोपून मी जीपने जम्मूकडे निघालो होतो. ‘चिल्लई कलान’ म्हणजे काश्मिरातील कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. ते जानेवारीअखेर सरले होते, तेव्हा हिवाळा उतरणीला लागला असा माझा, सातारकडच्या माणसाचा, भाबडा समज. १८ फेब्रुवारीला काझीगुंडपाशी बर्फाने वाट अडवली. पुढे पीर पंजाल आणि जवाहर बोगदा, मागे श्रीनगरचा रस्ता, दोन्ही बंद. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. उभ्या ट्रकांची रांग पाहता पाहता पांढऱ्या ढिगाऱ्यांत दिसेनाशी झाली.

एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला घरात घेतले. आम्ही म्हणजे मी, माझा चालक, बसमधील दोन कुटुंबे आणि एका ट्रकचा पंजाबी चालक व त्याचा जेमतेम सोळा वर्षांचा क्लीनर. त्या घरात तीन रात्री आम्ही एकाच बुखारीभोवती काढल्या. भात, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या आणि मिठाचा चहा. मास्तरांनी कुणाचा प्रांत विचारला नाही की धर्म. मी पैसे पुढे केले तेव्हा म्हणाले, “पैसे राहू द्या, साहेब. लाकूड तेवढे जपून जाळू या.”

एवढ्यावरच थांबता आले असते तर हा माणुसकीचा एक सुंदर प्रसंग झाला असता. पण पहिल्या रात्रीपासून बुखारीजवळची गादी कुणी न सांगता माझी झाली होती आणि दाराजवळची जागा त्या क्लीनरची. त्याच्या पायांत कापडी बूट होते. दुसऱ्या दिवशी त्याची बोटे काळवंडू लागली. घरच्या माउलीने कोमट पाण्यात त्याचे पाय बुडवले, स्वतःची कांगडी त्याला दिली. मी माझी जागा दिली ती त्यानंतर, आणि तीही सर्वांसमोर द्यावीच लागली म्हणून.

हवामान उघडले. अडकलेल्या प्रवाशांना हेलिकॉप्टरने हलवायचे ठरले आणि एक कर्मचारी यादी घेऊन आला. माझे नाव तिसरे होते. क्लीनरचे नव्हते. मी विचारणा केली. तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, ही प्रवाशांची यादी आहे. ट्रकवाल्यांना मालापाशी थांबावे लागते.” नियमात चूक काढण्यासारखे काही नव्हते. ज्याने तो केला, त्याच्यासमोर हा मुलगा नव्हता, इतकेच. माझी जागा त्याला द्या, असे मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. जम्मूला बैठक आहे, असे मनाला सांगून हेलिकॉप्टरात बसलो.

जम्मूत वर्तमानपत्र हाती आले तेव्हा कळले, की आम्ही बुखारीशी बसलो होतो त्याच वादळात, तिथून फार दूर नसलेल्या वाल्टेंगू नार या डोंगरातल्या गावावर हिमकडा कोसळला होता. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. महामार्गावर अडकलेल्यांची मोजदाद पहिल्याच दिवशी सुरू झाली होती, कारण तिथे माझ्यासारखे लोक होते. डोंगरावरच्या गावातून निरोप घेऊन कुणाला तरी बर्फ तुडवत खाली यावे लागते.

काही महिन्यांनी मास्तरांचे पत्र आले. मुलगा रस्ता खुला होईपर्यंत त्यांच्याचकडे राहिला होता. दोन बोटे गमावून तो गावी परतला. पत्रात माझ्याविषयी तक्रारीचा एक शब्दही नव्हता. पुन्हा येण्याचे आमंत्रण होते.

पुढे मदतकार्याची जबाबदारी वेळोवेळी माझ्याकडे आली. सकाळच्या बैठकीत कुठून किती मागणी आली हे सांगितले जाते. ते ऐकून झाल्यावर मी विचारतो, कोणत्या गावांकडून अजून काहीच आलेले नाही? पहिली गाडी तिकडे पाठवतो. कधी ती रिकामी परतते आणि इंधनाच्या खर्चाबद्दल लेखापरीक्षणाचा शेरा येतो. त्या शेऱ्याचे उत्तर मी स्वतः लिहितो.