टेकडीवरचे ‘कर्म’

सॅनफ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी तासाभरात पालो आल्टोला पोचते. स्टेशनाबाहेर स्टॅनफर्ड विद्यापीठाची फुकट बस असते, आणि बस फुकट म्हटल्यावर मराठी माणूस पायी जात नाही. दुतर्फा खजुरीची झाडे, पुढे पिवळसर दगडाच्या कमानी आणि हूव्हर मनोरा. प्रवासी इथवर येतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. पण थोडे पुढे गेले की एक लहानशी टेकडी लागते. जवळच लागुनिता नावाचे तळे आहे. उन्हाळ्यात त्यात पाण्याऐवजी गवतच दिसते. टेकडीवरचा जुना वाडा १९१६ साली विद्यापीठाच्या अध्यक्षांसाठी बांधला गेला. १९८९ च्या भूकंपाने त्याला चांगलाच हादरा दिला. डागडुजी होऊन तो पुन्हा उभा राहिला २००५ मध्ये. १९८६ पासून या वाड्यात नांदते आहे संगीत आणि ध्वनिशास्त्राचे एक संशोधन केंद्र. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून तिथली मंडळी त्याला चक्क ‘कर्मा’ म्हणतात. गीता वाचलेल्याने आणखी काय मागावे?

केंद्र स्थापन झाले १९७५ साली. त्याचे एक संस्थापक जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये एका लहरीने दुसऱ्या लहरीला डोलवून घंटेसारखे, पितळी वाद्यांसारखे नाद काढण्याची युक्ती शोधली होती. जपानच्या यामाहा कंपनीने ती घेतली आणि १९८३ साली आलेल्या तिच्या ‘डीएक्स सेव्हन’ या वाद्याने जग दणाणून सोडले. पण हे झाले बहुरूप्याचे सोंग. सोंग हुबेहूब असेल, तरी आत घंटा नव्हती.

याच विद्यापीठात काही मंडळींना वेगळाच प्रश्न पडला. नादाची नक्कल करण्यापेक्षा वाद्यच आकड्यांत का बांधू नये? केविन कार्प्लस आणि अलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली छापलेली रीत इतकी सोपी आहे की शाळकरी पोरालाही समजावी. शंभर आकडे ओळीने मांडा, कसेही, खडे फेकल्यासारखे. पहिला आकडा वाजवा. मग तो आणि त्याचा शेजारी यांची सरासरी काढून ती ओळीच्या शेवटी नेऊन ठेवा. हेच सेकंदाला ४४,१०० वेळा करा. ओळ सेकंदात सुमारे ४४० वेळा फिरते आणि तेवढ्या कंपनांचा स्वर निघतो. सरासरीमुळे आधी तीक्ष्ण उपस्वर विरतात, मग सारा नाद मावळतो. खऱ्या छेडलेल्या तारेचेही असेच होते. गणकयंत्रात तार नाही, लाकूड नाही, आणि तरी कान म्हणतो, तार वाजली! याच ‘कर्मा’तल्या ज्युलियस स्मिथ यांनी पुढे तारेत आणि नळीत मागेपुढे धावणाऱ्या लहरींचे व्यापक गणित बसवले. त्यावर आधारलेले यामाहाचे ‘व्हीएल वन’ १९९४ मध्ये आले. त्याची मौज अशी की फुंक चुकली तर ते शिकाऊ पोराच्या सनईसारखे किंचाळते. सोंगाला चुका करता येत नाहीत; या वाद्याला येतात. म्हणूनच ते वाद्य.

या टेकडीवर उभे राहिल्यावर आम्हांला मिरज आठवली, आणि ती उगीच नव्हे. तारेचे हे गणित तंबोऱ्यापाशी आले की अडखळते. गिटारची तार घोडीवरून सरळ सुटते. तंबोऱ्याची तार घोडीच्या रुंद, किंचित बाकदार पाठीवर लोळत, टेकत, उठत कंप पावते. वर सुताचा एक धागा. तो केसभर सरकला की नाद उघडतो किंवा मिटतो. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिले होते की, तार ज्या जागी छेडल्यावर काही उपस्वर मुळीच निघू नयेत, तिथे छेडली तरी आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत ते दणक्यात निघतात. तार आणि घोडी यांचा हा खेळ आकड्यांत पकडण्याचे काम अगदी अलीकडचे आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबोऱ्याचे असे प्रारूप २०१६ मध्ये मांडले.

म्हणजे मिरजेचा कारागीर कानस हाती घेऊन, कान लावून जे पिढ्यान्‌पिढ्या करीत आला, ते समीकरणांना गाठायला एवढा काळ लागला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण मानांकनाने पोट भरत नाही. विजेवर वाजणारा तंबोऱ्याचा डबा घरोघर पोचला त्याला कैक वर्षे झाली, आणि पुढचा डबा याहून शहाणा असणार. समीकरणाला ना तुणीचे लाकूड लागते, ना भोपळा. तेव्हा कारागिराच्या हाती भोपळा देऊन जग पुढे निघून जाईल काय?

आम्हांला वाटते, ते त्या जगावर अवलंबून आहे. प्रारूपाला घोडीचा बाक किती ते सांगावे लागते, धाग्याची जागा सांगावी लागते. ते सांगितले की प्रारूप वाजते. पण या गायकाच्या या गळ्याला आज जवारी किती उघडी हवी, हे त्याला कळत नाही. ते ठरवतो कानस धरलेला हात. शास्त्रज्ञाला मोजायला तो हात हवा, गायकाला गायला तो हात हवा. आपल्याकडून एवढे व्हावे की, मुलासाठी तंबोरा घ्यायची वेळ आली तर एकदा मिरजेची गाडी पकडावी, दुकानात मांडी घालून बसावे आणि जवारी लावताना पाहावी. हातात पैसे पडले तर तो हात टिकेल. समीकरणे कुठे पळून जात नाहीत.