दुकान काकांचं, फोन तिचा

बेळगावात खडेबाजारात काकांचं साड्यांचं दुकान आहे. मी बी.ई. करून बंगळुरूला नोकरीला लागलो तेव्हापासून दुकानातला प्रिंटर, बिलिंग, क्यूआर कोड, काहीही अडलं की फोन मला येतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना हे नवीन नाही. गेल्या दसऱ्याआधी मात्र काकांनी वेगळंच काम सांगितलं. "मुलींच्या फोनसाठी नियम लिहून दे. तुमच्या कंपनीत असतात तसे. कडक हवेत."

झालं होतं असं की सहा वर्षं काम केलेली एक मुलगी नोकरी सोडून जवळच्याच दुसऱ्या दुकानात लागली. तिच्याबरोबर दोन-तीनशे गिऱ्हाइकांचे नंबरही गेले. नवा माल आला की ती या बायकांना साड्यांचे फोटो पाठवायची. आता ती तिकडचे फोटो पाठवू लागली होती. काकांच्या लेखी ही सरळ चोरी.

मी विचारलं, "फोन कुणाचा होता?"

"तिचाच."

"रिचार्ज?"

"तिचाच की."

शिवाय दुकानाच्या कार्डामागे 'फोटोंसाठी संपर्क' म्हणून तिचाच नंबर काकांनी स्वतःच्या हाताने लिहून वाटला होता. रात्री दहाला कुणी "या काठात हिरवी आहे का?" विचारलं, तर उत्तर तीच द्यायची. सहा वर्षं तिचा फोन दुकानाने फुकट वापरला, आणि ती गेल्यावर त्यातलं सगळं दुकानाचं, हे मला पटेना. कुणाला तरी पाठवून तिच्या फोनमधले नंबर पुसून घ्यावेत, असंही काकांच्या मनात होतं. तसा कुठलाच हक्क आपल्याला नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

कंपनीतले नियम दुकानाला लावून चालत नाहीत, त्याचं कारणही आहे. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये ऑफिसने एक वेगळा कप्पा केला आहे. त्यातल्या अॅपवर छोटी ब्रीफकेस दिसते. मी नोकरी सोडली की कंपनी तो कप्पा बसल्या जागेवरून पुसते, माझ्या मुलीच्या फोटोंना हात लागत नाही. पण हे सांभाळायला कंपनीत अख्खा विभाग असतो. काकांकडे मी आहे, तोही सुटीत.

दुकानाला परवडणारा उपाय साधा आहे: फोन दुकानाचाच घ्यायचा. सिम काकांच्या नावावर, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस. हे अॅप 2018 पासून आपल्याकडे फुकट मिळतं. मुख्य फोनशिवाय आणखी चार ठिकाणी ते जोडता येतं, म्हणून काउंटरवरचा कॉम्प्युटर आणि एक टॅब जोडला. कुणी काम सोडलं तर मुलीचा फोन मागायचा प्रश्नच उरत नाही. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन काका-काकूंकडे. बिलांवर आणि पिशव्यांवर आता हाच नंबर छापतात, आणि जुन्या बिलबुकांवरून गिऱ्हाइकांना तो कळवला.

एवढा खर्च कशाला, हा काकांचा प्रश्न काकूंनी मिटवला. काही बायका ब्लाउजच्या फिटिंगसाठी स्वतःचे फोटो पाठवतात. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो बहुतेक वेळा आपोआप गॅलरीत जातो आणि तिथून गूगल फोटोजवरही चढू शकतो. घरात त्याच फोनवर भाऊ गेम खेळत असतो. मी एवढं सांगितलं आणि दुपारी गल्ल्यावर बसणाऱ्या काकू म्हणाल्या, "म्हणजे माझा फोटो असाच कुणाच्या तरी घरात फिरला असता. फोन आजच आण."

2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही जबाबदारी त्याची, जो ती माहिती कशासाठी वापरायची हे ठरवतो. म्हणजे दुकानाची, फोन कुणाचाही असो. कमाल दंड 250 कोटी रुपये आहे हे ऐकून काका हसले. "अख्खा खडेबाजार विकावा लागेल रे."

नियम मराठीत आणि कानडीत लिहिले, कारण दोघी मुलींना कानडीच नीट वाचता येतं. काकांना सगळे फोन सकाळी ड्रॉवरमध्ये हवे होते. सगळ्यात जुन्या अक्का मला म्हणाल्या, "दादा, रात्री गिऱ्हाइकाचा मेसेज आला की हा फोन दुकानाचा. दिवसा सासूबाईंना दम लागला म्हणून फोन आला की मात्र तो आमचा, आणि त्याची अडचण." यावर काका काही बोलले नाहीत. ड्रॉवर रद्द झाला. फोन सायलेंटवर जवळ ठेवायचा, गिऱ्हाईक समोर असताना बघायचा नाही, घरचा फोन असेल तर बाजूला जाऊन घ्यायचा. गिऱ्हाइकाचा फोटो स्वतःच्या फोनवर घ्यायचा नाही. नेटवर्क गेलं तरी पैसे स्वतःच्या नंबरवर स्वीकारायचे नाहीत; हिशेब चुकला तर संशय तिच्यावरच येतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला तर साउंडबॉक्स बोलेपर्यंत साडी द्यायची नाही. आणि दुकान बंद झाल्यावर कुणीही गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं नाही, त्यासाठी 'सकाळी कळवतो' असा मेसेज आपोआप जातो.

हा शेवटचा नियम सध्या एकटे काकाच मोडतात. रात्री अकरापर्यंत चष्मा लावून हिरव्या काठांचे फोटो पाठवत बसतात, आणि काकू आतून ओरडत असतात.