खडकाचं वय शिंपल्याला विचारा!

सध्या मी घरात कुणालाही सुखाने जेवू देत नाहीये. भूशास्त्र शिकणाऱ्या भाचीने माझ्या तळहातावर कच्छचा एक अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री जीवाचा जीवाश्म, काय ठेवला, मी पुरता कामातून गेलोय! गरगरीत वेटोळं, त्यावर एकसारख्या फासळ्या, आणि जिथे कवच झिजलंय तिथे पैठणीच्या काठासारखी नागमोडी नक्षी. ही नक्षी आणि फासळ्या बघून जात ओळखायची; जात कळली की तो ज्या खडकात सापडला त्याचा काळ कळला. इतकी भन्नाट गोष्ट मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितली कशी नाही?

आणि ही युक्ती पक्की केली कुणी, तर विल्यम स्मिथ नावाच्या इंग्रज लोहाराच्या पोराने. कोळसा वाहून नेणाऱ्या कालव्याची मोजणी करताना सॉमरसेटमध्ये त्याने जमिनीचे थर उघडे पडलेले पाहिले. चिकणमातीचे दोन थर दिसायला अगदी सारखे, पण आतले शिंपले वेगळे. आणि त्यांचा वर-खाली क्रम गावोगाव तोच! बाथजवळच्या रिचर्डसन नावाच्या पाद्र्याकडे हौसेने जमवलेले ढीगभर जीवाश्म होते. स्मिथने ते पाहिले आणि कुठला कुठल्या थरातला हे धडाधड सांगत सुटला. ज्याने ते जमवले तो थक्क! १७९९ मध्ये त्याच रिचर्डसनने स्मिथ सांगेल तशी थरांची यादी उतरवून घेतली. पुढे १८१५ मध्ये स्मिथचा भलामोठा भूशास्त्रीय नकाशा निघाला. (चारच वर्षांनी कर्जापायी तुरुंग नशिबी आला, तो भाग वेगळा.)

थरांची ती यादी उतरली तेव्हा डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक यायला अजून साठ वर्षं होती. जीव का बदलतात हे स्मिथला ठाऊक नव्हतं, तरी त्याचं काम अडलं नाही.

मात्र सगळेच जीव या कामाचे नाहीत. जो जीव कोट्यवधी वर्षं जवळजवळ तसाच राहिला, तो इथे बिनकामाचा. हवा असा, जो समुद्रासमुद्रांत झपाट्याने पसरला आणि लवकर संपला. अमोनाइटांच्या जाती नेमक्या तसल्या! जर्मनीच्या आल्बर्ट ओपेलने १८५० च्या दशकात त्यांच्याच जोरावर जुरासिक खडकांचे बारीक बारीक पट्टे पाडले.

आता कच्छ. १८७० च्या दशकात विल्हेल्म वागेन यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी कच्छच्या अमोनाइटांचं सविस्तर वर्णन केलं आणि तिथले थर युरोपातल्या थरांशी जुळवले. इंग्लंडात विल्टशायरला केलावेज नावाचं खेडं आहे. त्यावरून सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कॅलोवियन काळाचं नाव पडलं. त्या काळातले अमोनाइट आपल्या शेजारच्या गुजरातेत, चारी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत! कुठे विल्टशायर, कुठे भुज!

आपला सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात समुद्रातले शिंपले कुठून मिळणार? म्हणून पांढरं रण बघायला जाल तेव्हा भुजच्या आसपासच्या डोंगरांसाठी एक दिवस राखून ठेवा, जमलं तर कुणी जाणकार बरोबर घ्या. मनसोक्त बघा, फोटो काढा, पण खिशात काही टाकू नका. कुठल्या थरातून आला हे हरवलं, की त्या शिंपल्यावरून थर जुळवता येत नाहीत.