सोळाशे बत्तीस टाके

"चार सौ."

"दो सौ."

"बेटे, हाथ का काम है. साढे तीन सौ."

"ढाई सौ. लास्ट!"

यानंतर मी तुळशीबागेत शिकलेलं हुकमी अस्त्र बाहेर काढलं. टोपी खाली ठेवली, पाठ फिरवली आणि सावकाश चालायला लागले. एक पाऊल, दोन पावलं, तीन... चौथ्या पावलाला मागून हाक आली, "अच्छा, ले जाओ."

येस्स! मी रूममेटला टाळी दिली. चारशेची टोपी अडीचशेत. लाल-पिवळी-हिरवी, क्रोशानं विणलेली, मागे मस्त लोंबणारी ढगळ टोपी. एकदम कूल! संध्याकाळपर्यंत त्या टोपीतले माझे सतरा फोटो काढून झाले होते.

पण वाचवलेल्या त्या दीडशे रुपयांनी पुढचे चार दिवस माझा पिच्छा सोडला नाही. त्याचीच ही गोष्ट.

पूल ओलांडला की...

मनाली म्हटलं की आपल्याला आठवतं हनिमून पॅकेज. मॉल रोड, मांडीवर अंगोरा ससा घेऊन फोटो आणि भाड्याच्या गमबुटांतून बर्फ. ओल्ड मनाली या सगळ्यापासून दोन-अडीच किलोमीटरच लांब आहे, पण मनालसू नाल्यावरचा पूल ओलांडून चढाला लागलात की माहोलच बदलतो. आधी लागतात कॅफे आणि गेस्टहाउसेस, मधूनच हिब्रूतली एखादी पाटी, आणि भिंतीभिंतींवर बॉब मार्ले. आणखी वर चढत गेलात की जुनं गाव. दगड आणि देवदाराच्या तुळया एकावर एक रचून बांधलेली 'काठकुणी' घरं. खाली गाई, वर माणसं. अगदी वरती मनूचं देऊळ. मनाली हे नावही या मनूवरूनच पडलं म्हणतात.

आम्ही गेलो गेल्या नोव्हेंबरात. सफरचंदं कधीच उतरवून झाली होती, बागा उघड्याबोडक्या. बरेच कॅफेवाले शटर ओढून गोव्याला निघायच्या तयारीत. इथला सीझन संपतो तेव्हा तिथला सुरू होतो ना! मागे उरतात त्या गावातल्या बायका. अंगाभोवती लोकरी पट्टू, डोक्याला ढाठू, उन्हाचा तुकडा पकडून बसलेल्या आणि हात सतत चालू. मोजे, हातमोजे, टोप्या.

आता गंमत बघा. कुल्लूची स्वतःची टोपी अगदी वेगळी असते. गोल, वरून सपाट, समोर रंगीत नक्षीची पट्टी. मग ही ढगळ टोपी इथे आली कुठून?

तर थेट जमैकाहून. तिथले बरेच रास्ताफारी केस कापत नाहीत. जटा वाढवतात आणि त्या क्रोशाच्या मोठ्या टोपीत बांधून ठेवतात. या टोपीला म्हणतात टॅम. म्हणजे तिचा ढगळपणा ही मुळात फॅशन नव्हती, गरज होती. एवढ्या जटा मावणार कुठे? लाल, सोनेरी आणि हिरवा हे रंग इथिओपियाच्या झेंड्याचे. १९३० साली तिथे सम्राट झालेले हाइले सेलासी हे अनेक रास्ताफारींसाठी देवच. पुढे बॉब मार्लेच्या गाण्यांबरोबर ही स्टाइल जगभर पोचली आणि बॅकपॅकर्सच्या डोक्यावर बसून पहाडातही. आज कुल्लूतली बाई जमैकाची टोपी पुण्याच्या पोरीसाठी विणते. ग्लोबलायझेशन म्हणतात ते हेच असावं!

वाटी, झालर आणि चपाती

माझ्या डोक्यावर जटा नाहीत, साधा बॉबकट आहे. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी टोपी दर पाच मिनिटांनी डोळ्यांवर यायला लागली. मी तणतणत परत गेले. बदलून मागायची, नाही दिली तर भांडायचं, अशी पूर्ण तयारी करून.

आंटीनं टोपी हातात घेतली, माझ्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता खालची पट्टी सरळ उसवायला घेतली. सुईचा आकडा भराभर आत-बाहेर व्हायला लागला. वीस मिनिटांत पट्टी नवी झाली, टोपी फिट्ट बसली. पैसे विचारले तर नुसती मान हलवली. मी शेजारी टक लावून बसलेली बघून म्हणाली, "सीखना है?"

माझी आई क्रोशाचं सुंदर काम करते, पण मी आयुष्यात कधी त्या सुईला हात लावला नव्हता. इथे मात्र 'हो' म्हटलं. रूममेट ट्रेकला गेली आणि मी बाजारातून पाच नंबरची सुई आणि लोकरीचे दोन गुंडे घेऊन आले. तीन दुपारी आंटीच्या शेजारी बसले.

पहिल्या दुपारी माझं वर्तुळ वाटीसारखं वळलं. उसवलं. दुसऱ्यांदा त्याला फ्रॉकसारखी झालर आली. आंटी हसून बेजार! मग तिनं बोटांवर गणित समजावलं. सुरुवातीच्या रिंगणात बारा खांब घालायचे आणि दर फेरीला बरोबर बारा वाढवायचे. चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. कमी वाढवले की वाटी, जास्त वाढवले की झालर. बरोबर वाढले तरच चपातीसारखं सपाट. शाळेत ज्या 'पाय'नं माझा छळ केला, तो इथे लोकरीत लपून बसला होता!

ढगळ टोपीचं खरं गुपित तर त्याच्या पुढे आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर असतो साधारण ५६ सेंटीमीटर. टोपी अंगाबरोबर हवी असेल तर ही चपाती अठराएक सेंटीमीटर रुंद झाली की थांबायचं. ढगळ हवी असेल तर थांबायचं नाही. बावीसपर्यंत जायचं, ९६ खांब होतात. मग आठ फेऱ्या न वाढवता सरळ, आणि शेवटी एका फेरीत २४ खांब कमी करून डोक्याच्या मापावर परत यायचं. म्हणजे ढगळ टोपी ही नुसती मोठी टोपी नाही. वर ऐसपैस आणि खाली पट्टी मात्र घट्ट. माझ्या टोपीची नेमकी पट्टीच सैल राहिली होती.

रजईतला हिशोब

तिसऱ्या दुपारी माझी टोपी झाली. वाकडी, कळकट, पण टोपी! त्या रात्री गेस्टहाउसच्या रजईत शिरून मी मोबाइलवर सहज टाक्यांची बेरीज केली. वाढीच्या आठ फेऱ्यांचे ४३२. सरळ आठ फेऱ्यांचे ७६८. कमी केल्यानंतरचे ७२. पट्टीच्या पाच फेऱ्यांचे ३६०. एकूण १,६३२. सोळाशे बत्तीस वेळा सुई आत घालायची, लोकर ओढायची, बाहेर काढायची.

आणि यातला एकही टाका मशीन घालत नाही. दोन सुयांवरच्या विणकामाला मशीन आहे, स्वेटर त्यावर धडाधड निघतात. क्रोशासारखं दिसणारं कापडही मशीनवर होतं. पण खरा क्रोशा आजही हातानंच होतो. मग तो मॉलमधला महागडा टॉप असो की पहाडातली अडीचशेची टोपी, कुठेतरी कुणीतरी बसून तो विणलेला असतो.

मग दुसरा हिशोब आपोआप सुरू झाला. आंटीनं बोलता बोलता सांगितलं होतं त्यावरून एका टोपीला लोकर नव्वद रुपयांची. बसायच्या कोपऱ्याचं भाडं टोपीमागे धरा साठ. गिऱ्हाइकं सांभाळत तिला एका टोपीला पाच तास लागतात. चारशेला विकली तर हातात उरतात अडीचशे, म्हणजे तासाला पन्नास. अडीचशेला विकली तर शंभर. तासाला वीस.

मी घासाघीस केली तेव्हा लोकरवाल्यानं त्याचे पैसे कमी केले नाहीत. जागेच्या मालकानंही नाहीत. माझे दीडशे रुपये सगळेच्या सगळे तिच्या मजुरीतून आले होते.

हा हिशोब मला फार ओळखीचा आहे हो! मी फ्रीलान्सर आहे. "या वेळी बजेट जरा टाइट आहे, ॲडजस्ट कर ना. नाव तर छापून येतंय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. माझं घरभाडं कमी होत नाही, रिक्षाचं मीटर कमी होत नाही. कमी होतात ते फक्त माझ्या तासांचे पैसे. आणि फोनवर मीही शेवटी म्हणतेच, "ठीक आहे." चौथ्या पावलाला.

आंध्रातलं नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये तिथल्या लेसला जीआय टॅगही मिळाला. तिथल्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. लेस परदेशात विकली जाते, पण ती विणणारी बाई 'गृहिणी' समजली जाते आणि तिचं काम 'फावल्या वेळातलं'. एकदा काम फावल्या वेळातलं ठरलं की मजुरी कितीही कमी दिली तरी कुणाला काही वाटत नाही.

हे वाचलं तेव्हा मास कॉमला होते, परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं. रजईत मात्र वेगळंच आठवत राहिलं. आमच्या दारावरचं तोरण. ताटावर घालायचे रुमाल. जुन्या टीव्हीवरचं पांढरं कव्हर. सगळं आईनं विणलेलं, दुपारची आवराआवर झाल्यावर, 'फावल्या वेळात'. किती तास लागले असतील? मी कधी विचारलंच नव्हतं.

बोहनी

निघायच्या दिवशी आंटीला विचारलं, "ढाई सौ में दिया क्यों?"

"बोहनी थी, बेटे."

आम्ही टोपी घेतली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

मी दीडशे रुपये पुढे केले. तिनं हात मागे घेतला. "बिक गया सो बिक गया." मग डोळे बारीक करून म्हणाली, "लेना है तो दूसरी ले लो. चार सौ."

मी आईसाठी गडद मरून टोपी निवडली आणि मोजून चारशे रुपये दिले. रूममेट शेजारी उभी राहून आश्चर्यानं बघत होती.

यापुढे मी कध्धीच घासाघीस करणार नाही, असं काही मी म्हणणार नाही. तुळशीबागेत घडलेली मुलगी आहे शेवटी! टॅक्सीवाल्याशी करीन, हॉटेलवाल्याशी करीन, मशीनचा माल हातमागाचा म्हणून खपवणाऱ्याशी तर नक्कीच करीन. पण समोर सुई चालू असेल तर आधी मनातल्या मनात टाके मोजीन.

घरी आल्यावर आईनं मरून टोपी हातात घेतली. आधी उलटी केली. आईची सवयच आहे ती, माल कायम आतून बघते. बोटानं फेऱ्या मोजल्या, पट्टी ताणून बघितली. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कितीला?"

"चारशे."

मला वाटलं, आता 'फसवलं गं तुला' ऐकावं लागणार. आईनं टोपी सुलटी करून डोक्यावर घातली आणि आरशाकडे वळली.

"स्वस्तात आणलीस गं," म्हणाली.

जाणार असाल तर

• कसं जाल : दिल्लीहून रात्रीच्या व्हॉल्वोनं सुमारे बारा ते चौदा तास. जवळचा विमानतळ भुंतर, मनालीपासून पन्नासएक किलोमीटरवर. ऐन पावसाळा टाळा. जुलै २०२३ च्या पुरात बियासनं इथला हायवे ठिकठिकाणी तोडला होता.

• काय बघाल : मनूचं देऊळ, काठकुणी घरं आणि धुंगरीच्या देवदारांतलं १५५३ सालचं हिडिंबा मंदिर. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल टनेल सुरू झाल्यापासून लाहौलही एका दिवसात करता येतं.

• टोपी विणायची असेल तर : मध्यम जाडीची शंभरएक ग्रॅम लोकर आणि पाच मिलिमीटरची सुई. रिंगणात १२ खांब, मग दर फेरीला १२ वाढवत ९६ पर्यंत. आठ फेऱ्या सरळ. पुढच्या फेरीत दोन खांब साधे आणि नंतरचे दोन मिळून एक, असं करत ७२ वर या. शेवटी मुक्या खांबांच्या पाच फेऱ्यांची पट्टी. पट्टी घालताना हात किंचित घट्ट ठेवा, नाहीतर टोपी डोळ्यांवर येते. अनुभवाचे बोल!