किल्ला थांबेल हो, नाटक नाही!

मालवण म्हटलं की काय आठवतं? सोलकढी, सुरमई थाळी, तारकर्लीचं पाणी, स्कूबा डायव्हिंग आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा ग्रुप फोटो. बरोबर ना? वीकेंड संपतो, सोमवारी ऑफिसात काजूचं पाकीट फिरतं आणि ट्रिप 'डन' होते. पण याच किनाऱ्यावर रात्री बारानंतर काय चालतं, ते आपल्या गावीही नसतं. कारण तेव्हा आपण हॉटेलच्या रूमवर एसी लावून झोपलेले असतो.

आता किल्ला बघायचाच. त्यात वाद नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा केली आणि समोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं. १६६७ मध्ये किल्ला उभा! होडीतून जाताना एक गंमत बघा. समोर नुसती तटबंदी दिसते, दरवाजा कुठेच नाही. बुरुजांच्या वळणात तो असा काही लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत पत्ता लागत नाही. आत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते महाराजांचे मानले जातात. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध पिण्याचं पाणी! बेटाची निवड किती विचार करून झाली असेल, ते त्या विहिरीत वाकून बघितलं की कळतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात सिंधुदुर्ग आहे आणि याच जिल्ह्यातला विजयदुर्गही. म्हणजे या दगडांकडे आता जगाचं लक्ष आहे. आपण यंदा नाही गेलो, पुढच्या वर्षी गेलो, तरी किल्ला तिथेच असेल.

दशावताराचं तसं नाही.

दिवाळी झाली की इथल्या गावागावांत देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं, तरी सगळी रात्र जागून नाटक बघितलं ते मागच्या हिवाळ्यात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडली, सकाळी कुडाळला उतरले आणि मामाच्या मागे बाइकवर बसून गाव गाठलं. रात्री देवळाबाहेर खाजं, भजी, फुगे. आत जांभ्या दगडाच्या सभामंडपात एक पेटी, एक पखवाज, झांजा आणि एक लाकडी बाकडं. झाला सेट! राजा बसला की बाकडं सिंहासन होतं आणि देव चढला की डोंगर.

आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते. मग काळ्या वेशातला, लाल जिभेचा संकासुर येतो आणि चक्क मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो. लहान पोरं किंचाळतात, म्हाताऱ्या हसतात. त्यानंतर मुख्य आख्यान, ते थेट पहाटेपर्यंत. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. मेकअप ज्याचा त्यानं करायचा. शेजारच्या आजीनं मला न्याहाळलं आणि विचारलं, "खयसून इलंस गो?" मुंबई म्हटल्यावर सरकून जागा दिली. "बस मगे सकाळपर्यंत."

मध्यरात्री देवळामागे चहा पिताना कंपनीतल्या एका नटाशी बोलायला मिळालं. दिवसा रिक्षा चालवतो, रात्री राजा होतो. मी अगदी ऑफिसातल्यासारखं विचारलं, स्क्रिप्ट कुठे असते? तो हसला. "आमचा पुस्तक नाय. सगळा डोक्यात आसा." खेळाआधी फक्त कथानक ठरतं. कोण कुणाशी भांडणार, कोण मरणार, एवढंच. संवाद तिथल्या तिथे, समोरच्याचं ऐकून, प्रेक्षकांचा मूड बघून. आपल्याला मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलायची तर स्लाइड लागते! मुलगा शिकतोय का, विचारलं. मुलगा गोव्यात कंपनीत आहे म्हणाला. सुट्टी मिळाली तर बघायला येतो. मग चहाचा कप ठेवून तो मुकुट बांधायला गेला.

हा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबईच्या नाट्यगृहांत गाजवली. कांबळी २००७ मध्ये गेले, पण नाटक राहिलं. कारण ते लिहिलेलं आहे. दुसरा नट ते हातात घेऊ शकतो. दशावतारातल्या त्या रिक्षावाल्या राजानं पहाटे चारला जे स्वगत म्हटलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यानं ते आधीच्या नटांच्या बाजूला उभं राहून उचललं होतं. त्याच्या बाजूला उद्या कुणी उभं राहिलं नाही तर?

२०२५ मध्ये 'दशावतार' सिनेमा आला, दिलीप प्रभावळकरांना त्यातल्या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत बघून आपल्यापैकी अनेकांनी डोळे पुसले. छानच आहे. पण पॉपकॉर्न खात रडणं वेगळं आणि थंडीत शाल पांघरून, मांडी अवघडेपर्यंत देवळात बसणं वेगळं. बसणारे आहेत म्हणून उभा राहणारा उभा राहतो. नट प्रेक्षकाकडे बघून वाक्य रचत असेल, तर ते वाक्य अर्धं आपलंही असतं ना?

तेव्हा पुढची मालवण ट्रिप ठरवताना हॉटेलच्या आधी जत्रेची तारीख विचारा. हॉटेलवाल्याला, रिक्षावाल्याला, गावच्या काकूंना, कुणालाही. सकाळी किल्ला करा, दुपारी सुरमई खाऊन मस्त झोप काढा आणि रात्री देवळात जा. मोबाइल खिशात राहू द्या. आणि हो, पहाट व्हायच्या आत उठू नका. राक्षस शेवटी मरतो!