हाताची खूण

कर्जत स्टेशनावर पुण्याकडे जाणारी गाडी थांबली म्हणजे बहुतेक प्रवाशांचें लक्ष प्रथम बटाटेवड्यांकडे जातें. गाडी येथें कां थांबली, हा प्रश्न फार थोड्यांस पडतो. त्याचें उत्तर गाडीच्या शेपटाशीं असतें. येथून पुढें बोरघाट लागतो. तेथील लोहमार्गाचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका आहे. म्हणून अनेक गाड्यांस मागून रेटा देण्यासाठीं जादा एंजिनें जोडावीं लागतात. त्यांस 'बँकर' म्हणतात. हा घाटमार्ग १८६३ सालीं खुला झाला तेव्हां एंजिनें वाफेचीं होतीं. आज तीं विजेचीं आहेत. तरी एक गोष्ट अद्याप टिकून आहे. मागचें एंजिन हळूहळू डब्याकडे येऊं लागलें कीं रुळांच्या कडेस एक मनुष्य हात उंच करून उभा राहतो, आणि त्या हाताकडे पाहून शंभराहून अधिक टन वजनाचें तें यंत्र पुढें सरकतें, मंदावतें व थांबतें.

माझे आजोबा असेच रुळांच्या कडेस उभे राहणारे पॉइंट्समन होते. मी लहान असतांना ते संध्याकाळीं अंगणांत मला या खुणा शिकवीत. दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभारले म्हणजे 'थांब'. एक हात स्थिर धरला म्हणजे 'चल'. तोच हात सावकाश वर-खालीं हलविला म्हणजे 'जपून चल'. रात्रीं हाताच्या जागीं बत्ती येते. आणि तांबडी बत्ती जवळ नसेल, तर पांढरी बत्ती अंगासमोर आडवी, जोरजोरानें हलवावयाची, म्हणजे ड्रायव्हरनें थांबावयाचें. मी हात कसेही हलवूं लागलों कीं ते हसत व म्हणत, "बाळ, नुसता हात हलविला म्हणजे खूण झाली नाहीं. ज्यानें पाहावयाचें त्यानें पाहिलें पाहिजे, आणि पाहिल्याचें कळविलें पाहिजे. शिट्टी ऐकूं आल्याशिवाय आपला हात खालीं आणूं नये."

तीन वर्षांपूर्वीं आजोबांस अर्धांगवायूचा झटका आला. प्राण वांचले, परंतु उजवा हात कायमचा लुळा झाला व बोलणें जड आणि तुटक झालें. घरच्या माणसांस तें सवयीनें समजतें. परक्यास समजत नाहीं. माझी आत्या खोपोलीस असते. तिची नोकरी पाळीची. आठवड्यांतून एक दिवस ती लोकलनें कर्जतला येते, आणि एरव्हीं रोज रात्रीं आठ वाजतां फोन करते. पूर्वीं हा फोन आजोबाच घेत. आतां डाव्या हाताचें बोट कांचेवर नेमक्या जागीं ठेवून सरकविणें त्यांस साधेना. तोंडी आज्ञा ऐकणारे फोन आहेत खरे. पण आजोबांचे शब्द त्या यंत्रास उमगत नसत. एके रात्रीं वडील कामावर, मी शिकवणीस व आजी परसांत होती. फोन पांच वेळां वाजून थांबला. आत्या रात्रभर झोंपली नाहीं. पहांटेच्या पहिल्या लोकलनें ती दारांत येऊन उभी राहिली. आजोबा कांहींच बोलले नाहींत. परंतु त्या दिवसापासून फोन वाजूं लागला कीं ते भिंतीकडे तोंड फिरवीत.

त्याच सुमारास आपल्या शाळेची सहल कोंडाण्याच्या लेण्यांस गेली होती. सर्वांचें एकत्र छायाचित्र घ्यावयाचें होतें. दर वर्षीं छायाचित्र घेणाऱ्या बाई त्यांत नसतात. या वेळीं त्यांनीं फोन एका दगडास टेकवून ठेविला, त्या आमच्यांत येऊन उभ्या राहिल्या व त्यांनीं तळवा उघडून फोनकडे दाखविला. थोड्याच क्षणांत छायाचित्र निघालें. मुलांनीं टाळ्या पिटल्या. मला मात्र तो उघडा तळवा पाहून रुळांच्या कडेचा हात आठवला. दगडावरचा फोन जर दहा पावलांवरून हाताची खूण ओळखतो, तर आजोबांचा एक चांगला हात त्यास कां कळूं नये?

परत आल्यावर मीं या विषयाची माहिती मिळविली. फोनास हात 'दिसतो' तो मुख्यतः तीन रीतींनीं. पहिल्या रीतींत फोन डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण सोडतो व हातावर आपटून परत आलेले किरण मोजतो. २०१३ सालीं निघालेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस-४ या फोनांत ही योजना होती. दुसरी रीति कॅमेऱ्याची. २०१९ सालीं गूगलच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत यंत्र चित्रांतील हातावर २१ बिंदू शोधतें: मनगटाचा एक, आणि प्रत्येक बोटाचे चार. हे बिंदू एकमेकांपासून कसे व किती दूर आहेत यावरून मूठ कोणती व तळवा कोणता हें ठरतें.

तिसरी रीति रडारची. २०१९ सालींच गूगलनें 'पिक्सेल ४' नांवाचा फोन काढला. त्यांत सेकंदास ६० अब्ज कंपनें असलेल्या लहरी सोडून हाताची हालचाल ओळखण्याची सोय होती. या लहरींची लांबी सुमारें ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. तो फोन आपल्या देशांत विक्रीस आलाच नाहीं. परंतु या लहरी आपल्या देशास परक्या नाहींत. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं डोळ्यांस न दिसणाऱ्या विद्युत्-लहरींच्या योगें दूरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती. पुढें ५ मिलिमीटर इतक्या आखूड लहरींवरही त्यांनीं प्रयोग केले. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेले प्रणव मिस्त्री यांनीं २००९ सालीं अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेंत असतांना आणखी एक नवल करून दाखविलें. गळ्यांत एक कॅमेरा व एक लहान प्रोजेक्टर, आणि बोटांच्या टोकांस रंगीत टोप्या, एवढीच सामग्री. तळव्यावर प्रकाशाचे अंक उमटत, आणि तेच दाबून फोन लावतां येई. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली कीं समोरच्या दृश्याचें छायाचित्र निघे.

वडिलांच्या नव्या फोनांत, आलेला फोन तळवा दाखवून घेण्याची सोय होती. मीं तो एका लाकडी घडवंचीवर आजोबांपासून हातभर अंतरावर ठेविला व त्यांस सांगितलें. ते प्रथम रागावलेच. "माणसांस खूण केली. आतां या डबीस करूं?" असें ते तुटक शब्दांत म्हणाले. आठ वाजले. फोन वाजला. ते हलले नाहींत. दुसऱ्या रात्रीं, आम्ही पाहत नाहीं असें समजून, त्यांनीं डावा हात उचलला; पण तो कांपला व फोनास कळला नाहीं. तिसऱ्या रात्रीं आजी समोर बसून सुपानें तांदूळ पाखडीत होती. आत्याचा फोन आला मात्र, आणि कोणी कांहीं न करितां तो आपोआप सुरू झाला! आजीच्या हातांची हालचाल यंत्रानें खूण समजून घेतली होती. आत्यास पलीकडे सुपाचा आवाज व आजीचें "अगबाई!" एवढेंच ऐकूं आलें. त्या रात्रीं आजोबा पुष्कळ दिवसांनीं हसले.

हसतां हसतांच ते कामास लागले. त्यांस आतां ओळखीचें काम सांपडलें होतें. "ड्रायव्हरला एकच माणूस दिसला पाहिजे," असें सांगून त्यांनीं फोनाची जागा बदलविली; त्याचा तोंडावळा अशा बाजूस केला कीं पुढें केवळ त्यांची खुर्ची यावी. रात्रीं कमी उजेडांत कॅमेऱ्यास हात दिसत नव्हता, म्हणून दिवा पाठीमागून काढून समोर टांगविला. कांपणारा हात स्थिर राहावा म्हणून खुर्चीच्या हातावर कोपर टेकविलें. मग तळवा उघडून मनांत 'एक, दोन' म्हणेपर्यंत तसाच धरावयाचा, अशी संवय त्यांनीं आठ दिवस केली. शेवटीं एका रात्रीं मी दारांतून पाहिलें, तों फोन वाजत होता, आजोबांचा तळवा समोर होता, आणि आत्याचा आवाज आला, "बाबा, जेवलांत कां?" आजोबांनीं उत्तर दिलें तें मला नीट ऐकूं आलें नाहीं. पण मला फोन उचलून द्यावा लागला नाहीं, हें खरें.

तरी आजोबांची एक तक्रार कायम आहे. "हें शिट्टी देत नाहीं," असें ते म्हणतात. विचार करतां ही तक्रार मला फार मोलाची वाटते. रुळांवर हात दाखविणारा व हात पाहणारा हे दोघेही माणसें असतात. खूण अस्पष्ट वाटली तर ड्रायव्हर थांबतो. चूक झाली तर तिची जबाबदारी कोणाची हें ठरलेलें असतें. फोन केवळ मापें घेतो. सूप हलविणारा हात व बोलावणारा हात यांतील भेद त्यास कळेलच असें नाहीं, आणि कळलें किंवा न कळलें तरी तो विचारीत नाहीं. म्हणून जें काम उलटवितां येतें, जसें फोन घेणें, छायाचित्र काढणें किंवा गाणें थांबविणें, तेंच खुणेवर सोंपवावें. पैसे देणें किंवा लिहिलेलें पुसून टाकणें अशा कामांस बोटाचा स्पर्श व दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्नच बरा. शिवाय खूण पाहणारा कॅमेरा घरांतील इतर गोष्टीही पाहूं शकतो. म्हणून त्यास ती मुभा नेमकी केव्हां द्यावी हें घरांतील सर्वांनीं मिळून ठरवावें. आमच्या घरीं आठ वाजून गेले कीं आजी त्या फोनाचें तोंड भिंतीकडे करून ठेवते.

आम्हां विद्यार्थ्यांस या युक्तीचें मोठें कौतुक वाटतें तें गमतीखातर. पाणी लागलेल्या हातानें गाणें बदलावें, दुरून छायाचित्र काढावें, एवढ्यावर आमची हौस भागते. परंतु आपल्या कर्जत-खालापूरच्या गांवोगांवीं असे पुष्कळ हात आहेत कीं ज्यांस कांचेची ती गुळगुळीत पाटी वश होत नाहीं. आवणीच्या दिवसांत चिखलानें माखलेले हात, भाकरीच्या पिठांत बुडालेले हात, कारखान्यांत बोटें गमावलेले हात, म्हातारपणानें कांपणारे हात. त्यांच्या जवळच्या फोनांत अशी सोय कदाचित् आधींच असेल. ती उघडून देणारें कोणी नसतें. खूण कोणती सोपी आहे हें आपण ठरवूं नये. ज्याचा हात आहे त्यासच विचारावें. दिवा कोठें हवा, अंतर किती हवें, हात किती वेळ धरवतो, हें त्याच्या शेजारीं बसून पाहावें. शाळेस मे महिन्याची सुटी लागेल तेव्हां आपल्या आजी-आजोबांपाशीं बसून एक संध्याकाळ या कामीं घालवावी, एवढीच माझ्या सोबत्यांस विनंति आहे. मी येत्या रविवारीं आजोबांस फोन घेण्यापुढची गोष्ट, म्हणजे स्वतः आत्यास फोन लावणें, साधतें कीं काय, तें पाहणार आहें.